पीपी शहाजादी

शहाजादी चाची आता बहात्तर वर्षांची आहे आणि मोबाईलवर अजूनही ओरडूनच बोलते. समोरचा माणूस कशेळ्याच्या नाक्यावर असो की कुवेतमध्ये, तिच्या लेखी तो लांबच. "चाची, हळू बोललं तरी ऐकू जातं," असं मी तिला हजार वेळा सांगितलं असेल. त्यावर ती म्हणते, "तुला काय म्हाईत गं? तू फोन वापरतेस, मी फोन सांबाळलाय." आणि हे मात्र खरं आहे. तिनं फोन नुसता वापरला नाही, सांभाळला. एकदा माझ्या शहाणपणामुळे तो सांभाळताना तिचा जीव जायची वेळ आली होती, तीच गोष्ट सांगायची आहे.

चाची मूळची मुरूडकडची. समुद्राच्या काठी वाढलेली मुलगी लग्न होऊन या डोंगराच्या पायथ्याला आली. तालिबचाचांचं कशेळ्याच्या बाजारात बांगड्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागेच घर. सुरुवातीची दोन वर्षं म्हणे तिला रात्री झोप यायची नाही, कारण लाटांचा आवाज नव्हता. माझ्या आईचं आणि तिचं लग्न एकाच वर्षातलं, आईच्या हातात पहिला चुडाही तिनंच भरलेला. आमचं परसदार आणि तिचं परसदार यांच्यामध्ये मेंदीचं कुंपण आहे, त्यात दोघींनी जायला यायला एक फट पाडून ठेवली होती. तालिबचाचा गेले तेव्हा त्यांचा मुलगा अझहर नववीत होता. चाचीनं दुकान एक दिवससुद्धा जास्त बंद ठेवलं नाही. बांगड्या विकून तिनं त्याला आयटीआयला घातलं, तो फ्रिज आणि एसीचं काम शिकला आणि कुवेतला गेला. त्यानं पहिल्यांदा काय केलं असेल, तर आईसाठी टेलिफोनचा अर्ज भरायला लावला. दुसऱ्या वर्षी सुट्टीवर आला तेव्हा रंगीत टीव्ही घेऊन दिला.

फोन आला आणि चाची गावाची झाली. ज्यांच्याकडे फोन नव्हता ते सगळे आपला म्हणून तिचाच नंबर द्यायचे, आणि त्याच्यापुढे लिहायचे : पीपी शहाजादी. लग्नपत्रिकेवर, शाळेच्या दाखल्यावर, दवाखान्याच्या कागदावर. पीपी म्हणजे हा फोन माझा नाही, शेजाऱ्याचा आहे, पण यावर केलात तर मला निरोप मिळेल. आजच्या मुलांना हे सांगितलं तर ती हसतात. त्यांना वाटतं असं कोण कोणासाठी करेल?

चाची करायची. तिची पद्धत ठरलेली होती. फोन घ्यायचा, कोण पाहिजे ते विचारायचं, "पाच मिंटांनी करा" म्हणायचं आणि ठेवून द्यायचा. मग मागच्या पायरीवर येऊन स्टीलच्या ताटावर कालथा हाणायचा. एकदा वाजलं की मास्तरांचं घर, दोनदा वाजलं की आमचं, तीनदा वाजलं की पिठाची गिरणी. आम्ही हातातलं काम टाकून पळायचो. बाहेर फोन लावायच्या बटणांना कुलूप होतं, किल्ली तिच्या कमरेला. येणारा फोन मात्र सगळ्यांचा. त्याचे पैसे तिनं कधी घेतले नाहीत आणि कुरकुरही कधी केली नाही.

आता माझा शहाणपणा. बीए होऊन मी घरी बसले होते, आणि बसले होते म्हणजे आईच्या नजरेसमोर होते, म्हणजे रोज भांडण. त्यातून सुटायला मी कर्जतला झहीरभाईंच्या कंप्युटर क्लासला जायला लागले. स्टेशनजवळ एका गाळ्यात सहा कंप्युटर, अर्धे क्लासला, अर्धे सायबर कॅफेला. झहीरभाई माणूस बारीक आवाजाचा, पण इंटरनेटचा विषय निघाला की उभा राहून बोलायचा. दुकानाला जसा बोर्ड, तसा आता प्रत्येक धंद्याला नेटवर एक पान पाहिजे, हे तो लाँड्रीवाल्यालाही सांगायचा. लाँड्रीवाला मान हलवून कपडे घेऊन जायचा.

मी मात्र ऐकलं. आमच्या घरामागे बाबांनी कोंबड्यांसाठी बांधलेल्या तीन खोल्या होत्या. कोंबड्या टिकल्या नाहीत, खोल्या राहिल्या. भीमाशंकरला चढून जाणारी मुलं कधीकधी रात्रीपुरती जागा मागायची. आई, म्हणजे विमलबाई, त्यांना तांदळाची भाकरी आणि कोंबडीचा रस्सा करून घालायची, आणि जाताना ती मुलं पत्ता लिहून न्यायची. मी म्हटलं, याचं पान करू. दोन हजार दोन सालची दिवाळी नुकतीच झाली होती. झहीरभाईंनी फुकटातल्या जागेवर पान बनवलं. वर हिरव्या अक्षरांत 'विमल फार्म', खाली तीन फोटो, खोलीचा, विहिरीचा आणि शेतात मडक्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावलेली त्याचा. एक ओळ उजवीकडून डावीकडे पळत राहायची. शेवटी बुकिंगचा फॉर्म. नाव, माणसं किती, कधी येणार, जेवण कसलं, आणखी काही सांगायचंय का. सगळे रकाने भरल्याशिवाय फॉर्म पुढे जायचाच नाही, याचा झहीरभाईंना फार अभिमान.

"फोन नंबर?" त्यांनी विचारलं.

मी चाचीचा नंबर सांगितला. "पुढे लिहा, पीपी शहाजादी."

"नेटवर पीपी लिहायचं?"

"मग काय खोटं लिहायचं? फोन तिचा आहे."

मी किती प्रामाणिक, याचंच मला कौतुक वाटलं. चाचीला विचारायला हवं हे मनातही आलं नाही. पीपी द्यायला कोणी विचारत नसे. आम्हाला इंटरनेट म्हणजे मोठी लग्नपत्रिका वाटली. लग्नपत्रिका दोनशे घरी जाते, हे पान कुठे कुठे जाईल याचा हिशेब मी केलाच नाही.

झहीरभाईंनी डोंगर चढणाऱ्यांच्या एका ई-मेल ग्रुपवर पानाचा पत्ता टाकला, आणि डिसेंबरात ताट वाजायला लागलं. दोनदा, पुन्हा दोनदा, पुन्हा दोनदा. मुंबईची माणसं इंग्रजीत विचारायची, मिस पी. पी. शहाजादी आहेत का? चाची म्हणायची, "हां, पीपीच हाय. पाच मिंटांनी करा." आई धापा टाकत फटीतून जायची आणि दहा दहा मिनिटं बोलायची. पोपटी मिळेल का, गरम पाणी आहे का, कमोड आहे का, साप येतात का. शनिवार-रविवार आमच्या तिन्ही खोल्या भरायला लागल्या. आईनं नव्या चादरी आणल्या. बाबा पाहुण्यांना शेत दाखवताना हिंदी बोलायला लागले. मी तर हवेतच होते, अझहरचा फोन आला तेव्हा त्यालाही पानाचा पत्ता सांगून टाकला होता.

शहरातली माणसं शनिवारचा बेत शुक्रवारी दुपारनंतर करतात. आणि अझहरचा फोन यायचा तोही शुक्रवारीच. कुवेतमध्ये त्याला सुट्टी शुक्रवारची. जुम्म्याची नमाज झाली, जेवण झालं की तो बूथवर जायचा, तेव्हा आपल्याकडे साडेचार वाजलेले असायचे. चाची साडेचारला दुकानाचा अर्धा दरवाजा ओढून घ्यायची, तोंड धुवायची, डोक्यावरचा पदर नीट करायची, जसा काही तो दिसणारच आहे. अख्ख्या गावाला ही वेळ माहीत होती. मलाही होती. तरी मला दिसलं नाही, याचा आजही राग येतो.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये टीव्हीवर सारखं इराक-इराक सुरू झालं. कुवेत त्याला लागूनच. टीव्हीवर तिथली माणसं तोंडाला गॅसचे मुखवटे लावून दाखवायचे. अझहर कामाला होता ती जागा सरहद्दीकडे होती, हे चाचीला माहीत होतं. इतके दिवस उशिरा का होईना लागणारा त्याचा फोन सात मार्चच्या शुक्रवारी आला नाही. चौदाच्या शुक्रवारीही आला नाही. आईनं विचारलं तर चाची म्हणाली, "लाईन लागत नसंल." होळी झाली. आम्ही पोळ्या नेऊन दिल्या, तिनं ताट घेतलं, पण दरवेळसारखं रिकामं ताट भरून परत पाठवलं नाही. ते ताट तसंच राहिलं तिच्याकडे. त्याच वेळी आईला काहीतरी चुकतंय असं वाटलं म्हणे. मला काही कळलं नाही. माझ्या डोक्यात पुढच्या रविवारची वर्ल्ड कपची फायनल होती.

वीस तारखेच्या गुरुवारी सकाळी लढाई सुरू झाली. त्याच दिवशी आपण केनियाला हरवून फायनलला गेलो. आणि एकवीस तारखेच्या शुक्रवारी दुपारी तीन वाजल्यापासून आमचं ताट जे वाजायला लागलं ते थांबेचना. सगळ्यांना मॅच मोकळ्या हवेत, रस्सा खात बघायची होती. सगळ्यांचा प्रश्न एकच, टीव्ही आहे का? रंगीत आहे का? आई म्हणायची आहे, कारण चाचीचा टीव्ही रविवारी अंगणात आणून लावायचं ठरलं होतं. म्हणजे ज्या टीव्हीवर ती मुलाची खबर शोधत होती, तोच आम्ही उचलून आणणार होतो.

साडेचारच्या सुमाराला ताट पुन्हा दोनदा वाजलं. आई पीठ मळत होती, म्हणून मी गेले. चाची फोनजवळ उभी होती. तोंड धुतलेलं, पदर नीट घेतलेला. फोन वाजला, मी हात पुढे करायच्या आत तिनं दोन्ही हातांनी उचलला आणि म्हणाली, "अझर?" मग ऐकलं. मग तिचा चेहरा हळूहळू उतरला, आणि तिनं पूर्वीच्याच आवाजात सांगितलं, "हां, टीव्ही हाय. रंगीत हाय. घ्या, बोला." रिसीव्हर माझ्या हातात दिला.

पलीकडचा माणूस मला जनरेटर आहे का विचारत होता. मी काय बोलले आठवत नाही. फोन ठेवला आणि तो लगेच पुन्हा वाजला. चाचीनं पुन्हा तसाच उचलला, पुन्हा "अझर?", पुन्हा तेच. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लाईन खराब नव्हती. लाईन आम्ही अडवून बसलो होतो. त्यात प्रत्येक माणूस दोनदा फोन करणार, कारण पहिल्यांदा त्याला पाच मिनिटांनी करा म्हणून सांगितलेलं. बरं, फोन वाजतोय तर वाजू दे, असंही तिला म्हणता येत नव्हतं, कारण तो अझहरचा असू शकतो. उचलला की पाहुण्याचा निघायचा, आणि ती बोलत असेपर्यंत तिकडे तिचा पोरगा बूथवर उभा राहून एंगेजचा टोन ऐकणार.

"चाची, तुला माहीत होतं?" मी विचारलं. "आमच्यामुळे लागत नाही ते?"

"मंग काय, मी एवढी येडी हाय?"

"मग बोललीस का नाहीस गं?"

ती खाली बघत फोनवरचं क्रोशाचं कापड सारखं करत राहिली. "पीपी दिला म्हंजी दिला. तुज्या आयच्या घरात चार मानसा येतात, ती कवा नाय ती हसते. त्याच्यात मी आडवी येऊ? आनि फोन कुनाचा काय असंल, सांगता येतं काय? उचलायलाच लागतो." आणि मग एकदम तिचा आवाज फुटला. "तीन जुम्मे झाले गं सुरभी. माजा पोरगा हाय का नाय, तेवडा तरी कळू दे."

मी रडत फटीतून पळत आले आणि आईला सांगितलं. आई पीठ लागलेल्या हातांनीच उठली. मला वाटलं आता मुस्काटात मारणार, मारली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "जा. कर्जतला जा, तो नंबर पुसून टाक. आत्ताच्या आत्ता." फायनलसाठी बावीस माणसं ठरली होती, अजून येत होती, तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कमाई होती ती. तिनं त्याचा उच्चारही केला नाही. ती चाचीकडे गेली, फोनसमोर मांडी घालून बसली, आणि मी निघताना मला ऐकू आलं, "खोल्या नाय. टीव्ही नाय. काय नाय. ठेवा खाली!"

शेअर जीप माणसं भरल्याशिवाय हलत नाही. त्या दिवशी ती वीस मिनिटं हलली नाही, तेवढ्यात मी नखं खाऊन संपवली. कर्जतला पोचले तर झहीरभाईंचा गाळा अंधारात. लाईट गेलेली, सहाला येणार. मी त्यांना सगळं सांगितलं. ते नेहमीसारखे उभे राहिले, पण इंटरनेटवर भाषण केलं नाही. स्टूल पुढे केलं, पाणी दिलं आणि काळ्या पडद्यासमोर माझ्याबरोबर बसून राहिले. बाहेर दुकानदार रेडिओवर फायनलच्या गप्पा ऐकत होते. माझ्या डोळ्यांसमोर मुखवटा लावलेला अझहर येत होता, लहानपणी आमच्या विहिरीत उड्या मारायचा तो अझहर.

सहाला लाईट आली. कंप्युटर सुरू व्हायला पाच मिनिटं, नेट जोडायला चार वेळा प्रयत्न. पान उघडलं. पळणारी ओळ पळत होती, 'वेलकम'. मी नंबर पुसला, 'पीपी शहाजादी' पुसलं. पुसल्यावर तिथे पांढरी जागा राहिली.

झहीरभाई हळूच म्हणाले, "सुरभी, ज्यांनी नंबर आधीच लिहून घेतलाय, त्यांचं काय?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पान पुसून माणसांच्या वहीतला नंबर पुसला जात नाही.

"फॉर्म भरलेल्यांना तरी मेल टाकू," ते म्हणाले. "शुक्रवारी फोन करू नका म्हणून. फॉर्म कधी बघितले होतेस शेवटचे?"

मी तीन आठवडे बघितले नव्हते. फोनवरच खोल्या भरत होत्या, मग मेल बघायला पैसे कशाला घालवायचे, असं आईनं आणि मी मिळून ठरवलं होतं. पेटी उघडली तर चाळीसच्या वर फॉर्म न वाचलेले. सगळ्यात वरचा त्याच दिवशीचा. मी उघडला.

नाव : अझहर तालिब.

मी ओरडले असणार, कारण शेजारच्या कंप्युटरवरचा माणूस उठून आला. खाली आणखी एक होता, चौदा तारखेचा. म्हणजे एक आठवडा तो तिथे पडून होता. चाचीनं ज्या सात रात्री जागून काढल्या, त्या सातही रात्री तिच्या मुलाचा निरोप माझ्या पेटीत होता, आणि मी चादरींचे रंग निवडत होते. ती लाज अजून माझ्याजवळ आहे.

झहीरभाईंनी आपला फोन पुढे केला. "आधी घरी सांग."

मी चाचीचा नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज. आई तिकडे एकेकाला हाकलत होती आणि एकेक नवीन येत होता. सहा वेळा लावला, सहाही वेळा तोच टूं टूं टूं. अझहरनं तीन शुक्रवार हेच ऐकलं होतं. मी दोन्ही फॉर्म छापून घेतले, पैसे द्यायचेही विसरले, आणि शेवटच्या जीपमध्ये दाराला लटकून कशेळ्याला आले.

दोघी फोनसमोर बसल्या होत्या. आईचा घसा बसला होता. टीव्हीचा आवाज बंद केलेला, पडद्यावर धूर दिसत होता. माझ्या हातात कागद बघून चाची उठली नाही, उलट भिंतीला आणखी टेकली. तिला वाटलं असणार, कागद म्हणजे तार.

"चाची, अझहर बरा आहे," मी दारातूनच ओरडले. "त्यानंच लिहिलंय. आजच लिहिलंय."

"वाच," ती म्हणाली. "सगळा वाच. काय गाळू नको."

सगळे रकाने भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नसल्यामुळे बिचाऱ्यानं दोन्ही वेळा सगळे भरले होते. चौदा तारखेच्या फॉर्मात लिहिलं होतं की फोन सारखा एंगेज लागतोय, कंपनीनं सरहद्दीवरून सगळ्यांना शहरात आणलंय, अम्मीला सांग. मग मी आजचा वाचला.

"नाव, अझहर तालिब. माणसं, एक. कधी येणार, रमजान ईदला. जेवण, नॉनव्हेज. आणखी काही सांगायचंय का : सुरभी, काल सायरन वाजला, आमी तळघरात बसलो, आता बाहेर हाय, बरा हाय. दीड तास फोन लावला, एंगेज. म्हंजी तुमचा धंदा जोरात हाय. अम्मीला सांग रडू नको. माजी जागा ठेवा."

चाचीनं कागद घेतला. इंग्रजी अक्षरं तिला वाचता येत नव्हती. तिनं बोट ठेवून विचारलं, "नॉनवेज कुठं लिवलाय?" मी दाखवलं. त्या एका शब्दावर ती हसली आणि मग जी रडायला लागली ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून, बांगड्या फुटेपर्यंत रडली. आईही रडत होती. तेवढ्यात फोन वाजला. आम्ही तिघीही त्याच्याकडे बघत राहिलो.

"उचल गं," चाची नाक पुसत म्हणाली. "कुनाचा तरी असंल."

फोन मालाडच्या माणसाचा होता. त्याला टीव्ही रंगीत आहे का विचारायचं होतं. चाचीनं माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि ओरडून सांगितलं, "हाय! रंगीत हाय! या!" रविवारी तिनं स्वतः पुढे होऊन टीव्ही आमच्या अंगणात आणवला. बातम्या बघून डोळे दुखले म्हणाली. आपण हरलो, पाहुणे न जेवता उठले, तो भाग सोडा.

आई मात्र त्या शुक्रवारी रात्रीच कोपऱ्यातल्या खोलीला कुलूप लावून आली होती. "एक मानूस, रमजान ईद," ती मला म्हणाली. "बुकिंग घेतलंय. ही खोली आता कुनाला द्यायची नाय." मी म्हटलं, अगं, ईद नोव्हेंबरात आहे, आठ महिने खोली अडवून ठेवणार? ती म्हणाली, "त्याचा फोन आपन तीन शुक्रवार आडवला. आपली खोली आठ महिने आडली तर मरत नाय आपन." पुढच्या महिन्यात आमचा स्वतःचा फोन आला आणि पानावर तो नंबर चढला. तोपर्यंत दर शुक्रवारी तीन ते सहा आई चाचीच्या फोनपाशी राखणीला बसायची आणि पाहुण्याचा आवाज आला की नमस्कारही न करता ठेवून द्यायची. आमच्या पहिल्या गिऱ्हाइकांत आईच्या उद्धटपणाची ख्याती आहे ती तेव्हापासून.

अझहर ईदच्या आदल्या संध्याकाळी आला. वाळला होता, काळवंडला होता, पण होता. चाचीनं त्याला पोटभर जेवू घातलं, आणि तो पसरायला चटई शोधायला लागला तर म्हणाली, "हितं नाय. तिकडं जा." त्याला कळेना. दहा पावलांवर आपलं घर असताना शेजारच्यांच्या खोलीत झोपायचं? "बुक केलायस ना?" चाची म्हणाली. "विमलनं आठ म्हैने ठेवलीय. झोप तिकडं, गुमान." तो हसत हसत फटीतून आमच्याकडे आला. आईनं कुलूप काढलं. आत धुतलेली चादर होती आणि पाण्याचा तांब्या भरलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या पायरीवर ताट वाजलं. दोनदा. कित्येक महिन्यांत आमचं ताट वाजलं नव्हतं. मी हातातला झाडू टाकून कुंपणापाशी पळाले.

"काय गं चाची? कुणाचा फोन?"

चाची पायरीवर उभी होती, एका हातात ताट, दुसऱ्या हातात कालथा.

"फोन नाय गं," ती म्हणाली. "माजा पोरगा हाय तुमच्याकडं. त्याला पाठव, चाय झाली."